मुलीला कोण सांभाळतं?

आधीच सांगते, चूक माझी होती. नंतर कुणी म्हणायला नको, की हिने स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. झाकाझाकी मला जमतच नाही. मनात आलं की तोंडावाटे बाहेर पडलंच, हा माझा जन्माचा रोग. त्यापायी लग्नही राहिलं. जमवायला जे जे आले त्यांच्याशीच माझी भांडणं झाली, मग पुढे कोण जाणार?

मी शिलाईकाम करते. नवं काही फारसं शिवत नाही. चेन बदलायची, बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची. माणसं सुटतात आणि जुने कपडे टाकवत नाहीत, त्यावर माझं पोट चालतं. दुसऱ्या मजल्यावर एक लांब गॅलरी आहे, तिच्यावर सात खोल्या, शेवटी एकच नळ. सातातली एक खोली माझी. तिला लागून आहे ती मुंगीची.

मुंगी माझ्या धाकट्या भावाची बायको. मुंगी हे नाव तिला दवाखान्यातल्या बायकांनी दिलं, अंगापेक्षा मोठं गाठोडं उचलून चालते म्हणून. भावाचं नाव मी घेत नाही. त्याला मी दिवटा म्हणते. घराण्याचं नाव उजळणारा आमचा दिवटा! मुलगी आठ महिन्यांची असताना हा ‘दुसऱ्या गावी काम बघून येतो’ म्हणून गेला. आधी फोन यायचा, मग फोन लागेना, मग नंबरच बदलला. सहा वर्षं झाली, अजून काम बघतोय.

तो येत नाही हे नक्की झालं त्या दिवशी मी मुंगीला म्हटलं, “अगं, रड तरी. मोकळी हो.” ती बराच वेळ नळाखाली बाटली धरून उभी होती. बाटली भरून वाहायला लागली तेव्हा म्हणाली, “ताई, उद्यापासून गुंडीला सांभाळाल का? मी काम बघते.” आमच्या घरात ‘काम बघते’ या शब्दांची मला धास्तीच बसली होती. पण ही संध्याकाळी काम घेऊन परत आली.

गुंडी म्हणजे ती मुलगी. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती. आता पहिलीत आहे आणि नावाला जागून गुंडगिरी करते.

मुंगीला आधी दवाखान्याच्या धुलाईत घेतलं. चादरींच्या घड्या. वर्षभराने निर्जंतुक करण्याच्या खोलीत पाठवलं. तिथे ऑपरेशनची हत्यारं येतात. ती धुवायची, मोजायची, ठरलेल्या क्रमाने हिरव्या कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. पोटलीला एक पट्टी चिकटवतात. वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघ उमटली नाही तर सगळं पुन्हा सोडा आणि पुन्हा बांधा. हे मला मुंगीने सांगितलं, आणि ते सांगताना तिचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं की या बाईला बोलता येतं.

एरवी तिच्या पोटातलं ओठात येत नाही. मी दहा वाक्यं बोलावीत, तिने “बरं” म्हणावं. कधीकधी मला इतका वैताग यायचा की मी मुद्दाम भांडण उकरून काढायची, तरी ही आपली गप्प. सुंभासारखी.

एकदा एका पोटलीत चिमटा कमी भरला. सगळे म्हणाले, चुकून दुसऱ्या पोटलीत गेला असेल, सोड. ही सोडेना. अठ्ठावीस होते, सत्तावीस आलेत, एवढंच म्हणत राहिली. शेवटी कचऱ्याच्या पिशव्या उलट्या केल्या, तेव्हा चिमटा सापडला. त्यानंतर थोरल्या सिस्टरांनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “जन्मभर पोटल्याच बांधणार आहेस का? ऑपरेशन थिएटरचा दोन वर्षांचा कोर्स आहे, सरकारी कॉलेजात. परीक्षा दे.”

मुंगी बारावी झालेली. आठ वर्षं पुस्तक हातात धरलं नव्हतं. पहाटे गॅलरीत नळाजवळ बसून पुटपुटायची, आणि पाणी भरायला आलेल्या बायका तिच्या पुस्तकावरून पाय टाकून जायच्या. परीक्षा दिली. पास झाली. जागा मिळाली! मी गॅलरीभर ओरडून सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

कॉलेज चार तास लांब, दुसऱ्या शहरात. राहायचं तिथेच. फी तिच्या आवाक्याबाहेरची. त्यावर एकच उपाय होता, एकट्या आयांसाठी सरकारची योजना. तिला ते अर्थसाहाय्य म्हणतात. मदत म्हणा की सरळ! पण सरळ म्हटलं तर सरकार कसलं. मदत मंजूर झाली तर फी माफ, पुस्तकं मिळणार, राहायला खोली. नाही झाली तर जागा हातची जाणार आणि मुंगी पुन्हा पोटल्या बांधणार.

गुंडीचं काय, यावर आमचं बोलणंच झालं नाही. बोलायचं काय त्यात? गुंडी माझ्याकडे राहणार. राहतच होती.

अर्ज भरताना मुंगीच्या नाकी नऊ आले. नवरा आहे त्याचा पुरावा एका कागदात मिळतो. नवरा नाही याचा पुरावा कुठून आणायचा? पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची नक्कल आणली, घरमालकाचं पत्र आणलं, शाळेचा दाखला आणला. एका जागी माझी सही लागली. मी म्हटलं, “त्या दिवट्याबद्दल काय हवं ते लिहून घे माझ्याकडून, दोन पानं भरून देते.” ती म्हणाली, “एवढी जागा नाही, ताई.”

मग चौकशीचा माणूस आला.

दुपारची वेळ. मुंगी कामावर, गुंडी माझ्या खोलीत जेवून आडवी झालेली. मी एका पँटची शिवण उसवत होते. दारात एक किडकिडीत गृहस्थ, हातात फायलींचा गठ्ठा. घाईत होता. बसा म्हटलं तर बसला नाही.

“मुलीची आई?”

“कामावर.”

“तुम्ही कोण?”

“आत्या.”

“म्हणजे वडिलांची बहीण.”

“दुर्दैवाने.”

तो हसला नाही. फाइल उघडली आणि विचारलं, “मुलीला कोण सांभाळतं?”

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. मला वाटलं, यांना ही काळजी असणार की बाई शिकायला गेली आणि मागे पोर आजारी पडलं तर ही अर्ध्यातून पळून येईल. मग सरकारचा पैसा वाया. म्हणजे यांची खात्री पटवून द्यायला हवी. मी मशीनवरून उठले आणि पदर खोचावा तशी तयारीनिशी बोलायला लागले.

“कोण म्हणजे? मी! आठ महिन्यांची होती तेव्हापासून मी सांभाळते. जेवण माझ्याकडे, झोप माझ्याकडे, ताप आला तर उशाशी मी. तिच्या आईला काही म्हणजे काही बघावं लागत नाही. आणि विचारा कुणालाही, त्याचा एक पैसा घेत नाही मी!”

तो लिहीत होता. मी बोलत होते आणि तो लिहीत होता, ते बघून मला बरं वाटलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय असं आजवर कधी झालं नव्हतं. तो गेल्यावर मी पँटची शिवण सोडून आधी चहा केला. संध्याकाळी मुंगीला म्हटलं, “चौकशीवाले येऊन गेले. मी एकदम पक्कं सांगून टाकलंय, मुलीची काळजीच नको म्हटलं.” ती म्हणाली, “बरं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यादी लागली त्या दिवशी मुंगीने रजा टाकली आणि सकाळच्या बसने मदत कार्यालयात गेली. कार्यालय मोठ्या शहरात, बसने दीड तास. मी मशीनवर बसले होते पण काम सुचत नव्हतं. सव्वाबाराला फोन वाजला.

“ताई, नाव अपात्रमध्ये आहे.”

“काय? का?”

तिने वाचून दाखवलं. “अपत्याचा सांभाळ पित्याकडील नातेवाईक करतात.”

मला आधी अर्थच लागेना. पित्याकडील नातेवाईक म्हणजे कोण? मग उलगडलं, नवऱ्याकडची माणसं पोर सांभाळतात म्हणजे बाई एकटी नाही, असा सरकारचा हिशेब. पित्याकडील नातेवाईक म्हणजे मी! जगात त्या पित्याचं तोंड बघायची जिला इच्छा नाही ती मी.

“ताई,” मुंगी म्हणाली, “त्यांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?”

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं, ‘एक पैसा घेत नाही’ हेही. तिने शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

मग ती घाईघाईने बोलायला लागली, मी तिला असं कधी ऐकलं नव्हतं. “आज पाचपर्यंत हरकत घेता येते. ज्यांनी जबाब दिला त्यांनीच येऊन बदलायचा. शाळेच्या फीच्या पावत्या लागतील, माझ्या नावाच्या. माझ्या खोलीत पेटी आहे, तिच्यात निळी फाइल. गुंडीला पण आणा, मुलगी समोर हवी म्हणतात. मी रांगेतून हलत नाही. ताई, उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. आज झालं नाही तर जागा पुढच्या नंबरला जाते. याल ना?”

“येते म्हणजे काय, निघालेच!” मी म्हटलं.

आणि निघालेच होते हो. शाळेत धावत जाऊन गुंडीला पंधरा मिनिटं आधी काढली, बाईंशी त्यावरून थोडं वाजलं. एक वाजता खोलीवर. दीडची बस होती. गुंडीच्या हातात बिस्किटं दिली आणि मुंगीची पेटी उघडली.

निळी फाइल वरच होती. पावत्या वर्षाप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर टाचणी. पोटली बांधणारी बाई ती, तिथेही क्रम चुकायचा नाही. मी सगळ्या काढल्या. त्यांच्यामागे आणखी दोन कागद होते, अर्जांच्या नकला. घाईत तेही बाहेर आले.

पहिल्यावर लिहिलं होतं, वसतिगृहात अपत्यासह निवासासाठी विनंती. दुसरा शाळेच्या मुख्याध्यापिकेला. माझी मुलगी माझ्यासोबत परगावी येणार असल्याने शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. दोन्हींखाली मुंगीची सही, बारीक, सरळ, आणि शेजारी अर्ज पोचल्याचा शिक्का.

मी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर बसले.

म्हणजे गुंडी जाणार होती. सगळं ठरलं होतं. वसतिगृहाला माहीत, मुख्याध्यापिकेला माहीत, कदाचित त्या थोरल्या सिस्टरांनाही माहीत. जिच्या खोलीत पोर वाढली तिला तेवढं माहीत नाही! रोज रात्री ही बाई माझ्या दारातून झोपलेलं पोर उचलून न्यायची, “येते ताई” म्हणायची, आणि हे कागद पेटीत.

बाहेर गुंडी गॅलरीच्या फरश्यांवर लंगडी घालत होती. मला तिचे पाय दिसत होते.

आता खरं ते सांगते. मनात आलं, बस चुकली म्हणून सांगावं. बस चुकतेच माणसाची. रस्ता खणलाय, शाळेने सोडलं नाही, पेटीची किल्ली सापडली नाही, काहीही सांगावं. मला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं पेटीवर बसून राहिलं की पाच वाजणार होते. मग मुंगी परत येईल, पोटल्या बांधेल, आणि गुंडी दुपारी माझ्याकडे जेवेल. कुणी मला दोष देणार नाही, उलट बिचारी धावपळ करून दमली म्हणतील. असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तो हाकलला नाही. त्याला बसायला जागा दिली. दीडची बस गेली.

दोन वाजता फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. गुंडी आत आली, “आत्या, आईचा फोन आहे ना? घे की.” मी म्हटलं, “खेळ जा.” ती गेली नाही. माझ्यासमोर उभी राहून माझं तोंड बघत राहिली.

मग माझा स्वभाव मदतीला आला. मला राग आला! असा राग, की कानशिलं तापली. अगं, तू मला सांगितलं का नाहीस? मी काय राक्षसीण आहे? तोंडावर विचारायला पाहिजे हिला, आत्ताच्या आत्ता, चार लोकांत. आणि तोंडावर विचारायचं तर तिथे जायला हवं. मी गुंडीचा हात धरला आणि अडीचच्या बसकडे पळत सुटले. त्या दोन कागदांबरोबर पावत्याही पिशवीत टाकल्या होत्या. भांडायला निघालेल्या बाईला पावत्या कशाला, ते मला विचारू नका.

बस रडतखडत चालली. रस्ता खरंच खणून ठेवला होता, म्हणजे मी रचलेलं खोटं देवाने खरं करून दाखवलं. एका वळणावर वीस मिनिटं जागची हलली नाही. मी ड्रायव्हरवर ओरडले. तो म्हणाला, “बाई, उडवू का गाडी?” पावणेचार. चार. चार वाजून दहा. रागावलेले होते तरी माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. ही काय तऱ्हा, मला माझंच कळेना.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गुंडीला ओढत चढले. वर पोचलो तेव्हा साडेचार होत आले होते.

लांब खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, चार खिडक्या, त्यांतली एक चालू. रांगेत मुंगी. सकाळी दहापासून उभी होती. माझी वाट बघत तिने पाठीमागच्या लोकांना पुढे सोडलं होतं, तरी रांग सोडली नव्हती. ओठ सुकलेले, रजेच्या दिवशीही अंगावर कामावरचाच सदरा. आम्हाला बघितलं आणि तिने डोळे मिटून घेतले. पुढे अजून चारजण होते.

मी पिशवीतून ते दोन कागद काढून तिच्या नाकासमोर धरले. “हे काय आहे?”

तिचा चेहरा पांढरा पडला. “ताई, मी सांगणार होते.”

“कधी? गाडी सुटल्यावर? खिडकीतून हात हलवत?”

“हळू बोला.”

“का हळू बोलू? सहा वर्षं मी हिला...” आणि पुढचा शब्द ‘सांभाळलं’ होता. तो या खोलीत उच्चारायची सोय नव्हती. मी तो गिळला. जीभ चावल्यासारखं झालं मला.

मुंगी म्हणाली, “विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी गेले नसते. तुमचं मन मोडून मला जाता आलं नसतं. म्हणून विचारलंच नाही.” मग गुंडीकडे बघून, आवाज आणखी खाली आणून म्हणाली, “आणि हिला ठेवून गेले असते, तर आठ दिवसांत परत आले असते. मला माहितीये. ताई, मी हिला जागी अशी रविवारीच बघते.”

मी ते दोन्ही कागद घडी करून पिशवीत टाकले. मागचा माणूस म्हणाला, “बाई, घरचं घरी करा, पुढे सरका.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तोच एक पाऊल मागे सरकला. पण आम्ही सरकलो पुढे.

पाचला सतरा मिनिटं असताना खिडकी आली.

आतल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर शिक्क्यांची डबी. आमची फाइल शोधायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. मुंगीची बोटं खिडकीच्या कठड्यावर आपोआप मोजत होती, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार.

“जबाब तुमचा?” बाईंनी मला विचारलं.

“हो.”

“मुलीला तुम्ही सांभाळता.”

“म्हणजे शाळेतून आणते, जेवू घालते, दिवसभर...”

“ते नव्हे हो. नियमात सांभाळ म्हणजे पालनपोषणाचा भार. फी कोण भरतं? कपडे? औषधपाणी?”

“तिची आई.” मी पावत्या पुढे केल्या. त्यांनी एकेक उलटून बघितली, नाव आणि तारीख.

“मग तुम्ही काय सांभाळता?”

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. कामाचा प्रश्न होता. मी कठड्यावरच्या पावत्यांची टोकं जुळवत राहिले.

त्यांनी एक छापील कागद सरकवला. खाली दोन ओळी कोऱ्या. “इथे लिहा, मी या मुलीचा सांभाळ करत नाही. स्वतःच्या अक्षरात. खाली सही आणि नातं.”

“मी इथे दुसरं लिहिलं तर चालेल का? लक्ष देते असं? किंवा नुसतं बघते?”

“लक्ष देते लिहिलंत तर वरचे साहेब विचारणार, लक्ष म्हणजे काय. पुन्हा चौकशी, पुन्हा महिना.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि आवाज थोडा मऊ केला. “मला कळतं हो तुमचं. पण इथे दोनच चालतात, करते किंवा करत नाही. पाचला आठ कमी आहेत.”

मला वाटलं मुंगी म्हणेल, ताई लिहा. म्हणाली असती तर मी कदाचित तिच्यावर खेकसले असते आणि लिहून मोकळी झाले असते. ती कठडा धरून उभी राहिली, आणि तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठरवणं माझ्यावर सोडलं तिने. डाव साधणारी बाई असती तर रडली असती, पाया पडली असती.

मी पेन घेतलं. डोळे मिटून सरळ टीप घालणारा हात माझा, पण ओळ वर चढायला लागली. मी. या. मुलीचा. सांभाळ. करत. नाही. सही केली. नात्याच्या जागी आत्या लिहिलं.

गुंडी मघापासून कठड्याला लोंबकळत होती. पहिलीतलं पोर, अक्षर दिसलं की वाचायचंच. तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि मोठ्याने सुरू केलं. “मी. या. मु-ली-चा. सां-भा-ळ. क-र-त. ना-ही.” मग वर बघितलं. “आत्या, ही मुलगी म्हणजे मी?”

“हो.”

“मग मला कोण सांभाळतं?”

बाईंच्या हातात शिक्का होता, तो तसाच राहिला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगी समोर लागते म्हणतात ती कशाला, ते मला तेव्हा कळलं.

“तुझी आई सांभाळते,” मी म्हटलं.

“आणि तू?”

“मी शेजारी राहते.”

खोटं नव्हतं ते. पत्ता तपासून बघा, खोली क्रमांक सहा आणि खोली क्रमांक सात.

बाईंनी कागदावर शिक्का मारला. यादी काढली, मुंगीच्या नावासमोर अपात्र असं छापलं होतं, त्यातला अ तेवढा लाल पेनाने खोडला आणि बाजूला सही ठोकली. “उद्या हे दाखवून प्रवेश घ्या,” म्हणाल्या. एका अक्षरासाठी सकाळपासून हे सगळं! मुंगीने तो कागद दोन्ही हातांत धरला. सहा वर्षांत तिला मी रडताना पहिल्यांदा बघितलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मनापासून झाला, आणि तो छातीत कुठे ठेवावा ते कळेना, कारण तिथे आधीच काहीतरी येऊन बसलं होतं.

जिना उतरायला लागलो. गुंडीने आईचा हात धरला. रोज ती माझा धरते, जिना असला की न सांगता धरते. मी पिशवी घेऊन मागून उतरत होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती मनात काहीतरी जुळवत होती. रांगेतलं आमचं भांडण तिने ऐकलं होतं, पोरांना काय कळत नाही? मग तिने आईला विचारलं, आवाज जराही खाली न आणता, “आई, आपण गेल्यावर आत्या कुणाच्या शेजारी राहणार?”

मुंगी थांबली. मागे वळली.

“येईल कुणीतरी भाडेकरू,” मी म्हटलं. आणि तिथेच पायरीवर फतकल मारून बसले आणि रडले, भोकाड पसरून, लोकांच्या जायच्या-यायच्या वाटेत.